बायोचारमधल्या कार्बनचे आयुष्य: भट्टीआधी, भट्टीत आणि भट्टीनंतर

कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर रचून पेटवल्या, की त्यांतला जवळजवळ सगळा कार्बन थोड्याच वेळात हवेत जातो. त्याच पऱ्हाट्या बारीक करून मातीत मिसळल्या, तर सूक्ष्मजीव तेच काम सावकाश, काही वर्षांत उरकतात. तिसरा मार्ग म्हणजे हवा कोंडून त्या भाजायच्या, त्यांचा कोळसा करायचा आणि तो मातीत घालायचा. मातीसाठी केलेल्या अशा कोळशाला बायोचार म्हणतात. भाजतानाच पऱ्हाटीतला साधारण निम्मा कार्बन वायू आणि डांबराच्या रूपाने निघून जातो. उरलेला निम्मा मातीत किती काळ टिकतो, यावर हवामानाच्या दृष्टीने बायोचारचे मोल ठरते.

या टिकाऊपणाला आता बाजारभावही आला आहे. २०२५च्या जानेवारीत गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी २०३०पर्यंत १ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकी श्रेयांके (कार्बन क्रेडिट) विकत घेण्याचा करार केला. ती श्रेयांके शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या बायोचारची आहेत. शंभर वर्षांनी किती कार्बन मातीत शिल्लक असेल याचा अंदाज चुकला, तर असे सगळे हिशेब चुकतात. म्हणून कोणत्या प्रक्रियेने हे आयुष्य वाढते आणि कोणत्या प्रक्रियेने ते फक्त वाढल्यासारखे दिसते, हे वेगळे काढणे गरजेचे आहे.

या लेखाचे प्रतिपादन असे: कार्बनचे आयुष्य मुख्यतः भट्टीत ठरते. भट्टीत जाण्यापूर्वी कच्च्या मालावर केलेले काही संस्कार त्यात मोलाची भर घालतात. भट्टीतून बाहेर काढल्यावर होणारे बहुतेक संस्कार कोळशाचा पृष्ठभाग बदलतात. ते पिकासाठी उपयोगी असतात, पण शतकांच्या हिशेबात त्यांचा वाटा अल्प असतो, आणि काही संस्कारांत कार्बन उलट खर्च होतो.

टिकाऊपणा येतो कुठून

काडीकचऱ्याचे मुख्य घटक तीन: हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोहोंच्या साखळ्यांत ऑक्सिजन भरपूर असतो, आणि त्या साखळ्या पाण्याच्या साहाय्याने तोडणारी विकरे बुरशी व जिवाणूंकडे असतात. उष्णता वाढत गेली की हेमिसेल्युलोज साधारण २२० ते ३१५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान मोडते, सेल्युलोज ३१५ ते ४०० अंशांच्या दरम्यान. लिग्निन मात्र फार मोठ्या तापमानपट्ट्यात हळूहळू बदलत राहते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाणी, वायू व डांबर होऊन निघून जातात, आणि मागे राहिलेले कार्बनचे अणू षट्कोनी कड्यांत जुळू लागतात. तापमान चढेल तशी ही कडी एकमेकांना चिकटून पत्रे तयार होतात, आणि पत्र्यांवर पत्रे रचले जातात. अशा रचनेत विकरांना धरायला मोकळे टोक सापडत नाही. फोडायला लागणारी ऊर्जा जास्त आणि हाती येणारी कमी, म्हणून सूक्ष्मजीव तिच्या वाटेला फारसे जात नाहीत.

ही जुळणी कितपत झाली आहे याचा सर्वांत सोपा निर्देशांक म्हणजे हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांच्या अणुसंख्येचे गुणोत्तर. कच्च्या लाकडात ते दीडच्या आसपास असते. ०.७च्या खाली आल्याशिवाय आंतरराष्ट्रीय मानके त्या मालाला बायोचार मानत नाहीत, आणि ०.४च्या खाली आले की कड्यांची जुळणी चांगली घट्ट झाली असे समजतात. ऑक्सिजन-कार्बन गुणोत्तरावर आधारलेला दुसरा ठोकताळा कर्ट स्पोकस यांनी २०१०मध्ये मांडला: ०.२पेक्षा कमी असल्यास अर्धायुष्य हजार वर्षांहून अधिक, ०.२ ते ०.६ असल्यास शंभर ते हजार वर्षे, आणि त्याहून जास्त असल्यास शंभरच्या आत.

पण शतकांचे हे आकडे कुणी शतकभर मोजलेले नाहीत. प्रयोग काही महिन्यांचे किंवा फार तर काही वर्षांचे असतात, पुढचे सगळे गणिती प्रतिमानाने ताणलेले असते. या क्षेत्रातले सर्वांत चिकाटीचे काम याकोव्ह कुझ्याकोव्ह आणि सहकाऱ्यांचे आहे. त्यांनी किरणोत्सारी कार्बन-१४ची खूण असलेल्या गवताचा कोळसा करून तो साडेआठ वर्षे मातीत ठेवला. त्यातला सुमारे ६ टक्के कार्बन तेवढ्या काळात कार्बन डायऑक्साइड होऊन गेला, आणि गळतीचा वेग सुरुवातीला जास्त व नंतर अगदी मंद होता. २०१६मध्ये वांग, शियाँग आणि कुझ्याकोव्ह यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली. तिच्यातून दोन साठ्यांचे चित्र पुढे आले. सुमारे ३ टक्के कार्बन सरासरी १०८ दिवसांत जाणारा, उरलेला ९७ टक्के सरासरी ५५६ वर्षे राहणारा. प्रयोग जितका छोटा तितका त्यात पहिल्या साठ्याचा आवाज मोठा, आणि आयुष्याचा अंदाज तितका कमी येतो. बायोचारच्या आयुष्याचे परस्परविरोधी आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या ‘तेर्रा प्रेता’ या काळ्या मातीचा दाखला नेहमी दिला जातो. तिथल्या वस्त्यांनी शेकडो ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मातीत टाकलेला कोळसा आजही सापडतो, हे खरेच आहे. पण मुळात किती टाकला होता याची नोंद नसल्याने किती टक्के टिकला हे त्यावरून काढता येत नाही. कोळसा टिकू शकतो एवढेच तो दाखला सिद्ध करतो.

भट्टीतले निर्णय

भट्टीतल्या सगळ्या घटकांत तापमान पहिले. ‘आयपीसीसी’ या आंतरराष्ट्रीय समितीने २०१९च्या सुधारित मार्गदर्शिकेत शंभर वर्षांनंतर शिल्लक राहणाऱ्या कार्बनचा वाटा तापमानानुसार दिला आहे: ३५० ते ४५० अंशांवर केलेल्या बायोचारसाठी ६५ टक्के, ४५० ते ६०० अंशांसाठी ८० टक्के, आणि ६००च्या वर ८९ टक्के.

हे वाचून कुणालाही वाटेल, भट्टी जितकी तापवावी तितके उत्तम. पण तापमान वाढले की कोळशाचे उत्पन्न घटते. समजा, काडीकचऱ्यात १०० किलो कार्बन आहे. ४०० अंशांवर त्यातला ५५ किलो कोळशात उरला, तर शंभर वर्षांनी ३६ किलो शिल्लक राहील. ६५० अंशांवर ४५ किलोच उरला, तर शंभर वर्षांनी ४० किलो. कोळशाच्या गुणवत्तेतली २४ टक्क्यांची दरी मूळ कचऱ्याच्या हिशेबात चारच किलोंवर येते. एडिंबरा विद्यापीठात ओंड्रेय माशेक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापांतही हेच दिसते: तापमानाबरोबर स्थिर वाटा चढतो, उत्पन्न उतरते, आणि दोहोंचा गुणाकार फारसा हलत नाही. माझ्या मते बायोचारविषयीच्या लिखाणात सर्वांत दुर्लक्षिलेली गोष्ट हीच आहे. प्रक्रियेची तुलना नेहमी एक टन कचऱ्यामागे शतकभर टिकणाऱ्या कार्बनवर करावी, कोळशाच्या एका किलोवर नव्हे. उच्च तापमानाचा खरा फायदा वेगळा आहे. जलद निघून जाणारा साठा त्यात फार लहान असतो, त्यामुळे अंदाजातली अनिश्चितता कमी होते.

तापमानाइतकाच वेळ महत्त्वाचा, कारण काडीच्या आतपर्यंत उष्णता पोहोचायला तो लागतो. जैवतेलासाठी विकसित झालेल्या जलद पद्धतीत बारीक कण काही सेकंदांतच ५०० अंशांना नेतात. डेन्मार्कमध्ये एस्बेन ब्रून आणि सहकाऱ्यांनी गव्हाच्या काडाचा कोळसा जलद आणि मंद अशा दोन्ही पद्धतींनी करून मातीत घातला. ६५ दिवसांत जलद पद्धतीच्या कोळशातला ५.५ टक्के कार्बन गेला, मंद पद्धतीच्या कोळशातला २.९ टक्के. जलद पद्धतीच्या कोळशात ८.८ टक्के न जळलेली कर्बोदके तशीच उरली होती.

पाण्याच्या दाबाखाली १८० ते २५० अंशांवर ओला कचरा शिजवण्याची एक पद्धत आहे. फ्रीड्रिख बेर्गियुस यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिचा अभ्यास केला होता. साखर कारखान्यांची मळी, शहराचा गाळ, असा वाळवायला महाग पडणारा माल त्यात चालतो. पण मिळणारा ‘हायड्रोचार’ काळा दिसला तरी त्यात षट्कोनी पत्र्यांची जुळणी झालेली नसते, आणि तो मातीत काही वर्षांत किंवा दशकांत मोडतो. त्याला बायोचारच्या पंक्तीला बसवून कार्बनचे श्रेय मागणे चुकीचे आहे. २०० ते ३०० अंशांवर नुसत्या भाजलेल्या लाकडाचेही तेच.

याच्या उलट टोकाला गॅसिफायर. ७००च्या वर तापमान, थोडी हवा, आणि बहुतेक कार्बन वायूत. जो कोळसा उरतो तो अतिशय टिकाऊ, पण मूळ कचऱ्याच्या मानाने अगदी थोडा.

आपल्याकडे छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली भट्टी म्हणजे शंकूच्या आकाराची, वरून उघडी ‘कोन-टिकी’, किंवा त्याच आकाराचा जमिनीतला खड्डा. हान्स-पेटर श्मिट आणि पॉल टेलर यांनी २०१४च्या सुमारास तिला आजचे रूप दिले. वरच्या थरातली ज्योत खाली येणारा ऑक्सिजन खाऊन टाकते आणि तिच्याखाली कोळसा सुरक्षित राहतो. ज्योतीच्या पट्ट्यात तापमान ६५० ते ७०० अंशांपर्यंत जाते, म्हणजे नीट चालवलेल्या खड्ड्यातला कोळसा टिकाऊपणात यंत्रातल्या कोळशाच्या मागे राहत नाही. अडचण जाड बुंध्यांची. पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा मुळाजवळचा जाड भाग वरून काळा होतो आणि आत तपकिरी राहतो. कोळशाच्या भट्ट्यांवर काम करणारी माणसे असा कच्चा तुकडा आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या वजनावरून ओळखतात. पक्का कोळसा आपटला की खणखणतो. प्रयोगशाळेत मात्र सगळा घाणा दळून एकच सरासरी गुणोत्तर काढले जाते आणि कच्चा माल पक्क्यामागे लपतो.

हमेद सानेई आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये कोळसा-भूशास्त्रातली पद्धत वापरण्याचा प्रस्ताव मांडला, त्याचे महत्त्व मला इथे वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कणाची प्रकाश परावर्तित करण्याची क्षमता मोजायची. ती २ टक्क्यांच्या वर असेल, तर तो कण दगडी कोळशाच्या खाणींत कोट्यवधी वर्षे टिकलेल्या ‘इनर्टिनाइट’ या घटकाच्या तोडीचा मानायचा. हा निकष शंभर वर्षांच्या प्रतिमानाची जागा घेऊ शकतो का, यावर वाद चालू आहे, आणि तो रास्त आहे. खाणीतले निर्वात खोल थर आणि नांगरली जाणारी माती एकसारखी नाही. पण कणांचे मिश्रण उघडे पाडण्याचे काम ही पद्धत नक्की करते.

भट्टीआधीचे संस्कार

या टप्प्याकडे आपण फार कमी लक्ष देतो. माशेक यांच्याच गटाने २०१९मध्ये मिस्कॅन्थस गवतात पोटॅशियमचे क्षार मुरवून मग ते भाजले. मूळ गवतातला जो कार्बन स्थिर रूपात बांधला गेला, त्यात ४५ टक्क्यांपर्यंत वाढ झाली. पोटॅशियम भाजण्याच्या रासायनिक क्रियांना कोळसा होण्याकडे वळवते, डांबर कमी निघते, आणि जो कार्बन वायूत गेला असता तो घन रूपात राहतो. वर सांगितलेला उत्पन्न आणि स्थिरता यांचा पेच इथे सुटतो. लाकडाची राख मिसळूनही कोळशाचे उत्पन्न वाढते असे नंतरच्या प्रयोगांत दिसले आहे. राख आपल्याकडे फुकट उपलब्ध असते, आणि जळगावच्या केळीबागांतून निघणारे खुंट मुळातच पोटॅशियमने श्रीमंत असतात. ते वाळवून पऱ्हाट्यांबरोबर भाजले तर काय होते, हा कृषी विद्यापीठाच्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा प्रश्न आहे. एक सावधगिरी मात्र हवी: पोटॅशियम कोळशाच्या ज्वलनालाही चालना देते, म्हणून असा माल विझवायला उशीर झाला तर तो लवकर राख होईल.

फॉस्फेटचे खत मिसळून भाजल्यानेही कार्बनची गळती घटते. फॉस्फरस कार्बनच्या जाळ्याशी ऑक्सिजनमार्फत जोडला जातो आणि पृष्ठभागावरच्या सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या जागा अडवून धरतो. भाताच्या तुसात सिलिका उपजतच असते. २०१४मध्ये चीनमधल्या संशोधकांनी भाताच्या काडाच्या कोळशात सिलिका आणि कार्बन एकमेकांत गुंतून राहतात व सिलिकेचे कवच कार्बनला ऑक्सिडीकरणापासून वाचवते, असे दाखवले. कोकणातल्या गिरण्यांतून निघणाऱ्या तुसाला हे थेट लागू आहे. राख काढून टाकण्यासाठी कच्चा माल आम्लाने धुण्याची शिफारस कधीकधी केली जाते. कोळसा शुद्ध दिसावा म्हणून ती असेल, पण पोटॅशियम आणि कॅल्शियम धुऊन निघाल्यावर वरचे सगळे फायदे पाण्याबरोबर जातात.

भट्टीनंतरचे संस्कार

सर्वांत मोठा गैरसमज ‘ॲक्टिव्हेशन’विषयी आहे. कारखान्यात ८०० ते ९०० अंशांवर कोळशातून वाफ सोडतात. वाफ कार्बनशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार करते, म्हणजे कोळसा कोरला जातो. छिद्रे वाढतात, पाणी गाळायला तो उत्तम होतो, पण कोरलेला कार्बन हवेत गेलेला असतो. जलशुद्धीकरणासाठी हे समर्थनीय आहे. हवामानासाठी हा तोटा आहे.

नायट्रिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड, परमँगनेट यांनी पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण केले की त्यावर कार्बॉक्सिल गट येतात आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता वाढते. मातीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कोळशातही असेच घडते. प्रक्रिया सौम्य असेल तर गाभा अबाधित राहतो. मात्र ऑक्सिजन-कार्बन गुणोत्तर वाढते, आणि स्पोकस यांच्या ठोकताळ्यात तो कोळसा एकदम अल्पायुषी दिसू लागतो. मोजमाप फसते ते इथे. ऑक्सिडीकरण केलेल्या किंवा जुन्या कोळशासाठी हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर जास्त विश्वासार्ह, आणि तेही शक्यतो प्रक्रियेपूर्वी मोजलेले. पेरॉक्साइडचाच उपयोग अँड्र्यू क्रॉस आणि सरन सोही यांनी परीक्षेसाठी केला. ठरावीक तापमानाला पेरॉक्साइडमध्ये ठेवून किती कार्बन उरतो ते पाहायचे, आणि त्यावरून अनेक वर्षांच्या जीर्णतेचा अंदाज बांधायचा.

शेणखतात कुजवणे, गोमूत्रात किंवा जीवामृतात मुरवणे हे आपल्या शेतकऱ्याला परिचित मार्ग. निकोलास हागेमान आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवले, की कंपोस्टमध्ये राहिलेल्या कोळशाच्या छिद्रांवर नत्रयुक्त सेंद्रिय पदार्थाचा अतिशय पातळ लेप चढतो आणि नायट्रेट त्यात धरून राहते. नेपाळमध्ये गोमूत्र मुरवलेला बायोचार हेक्टरी ७५० किलो इतक्या कमी मात्रेत भोपळ्याच्या मुळांशी दिल्यावर उत्पादन चौपट झाले. पिकासाठी ही प्रक्रिया हवीच, कारण कोरडा ताजा कोळसा सुरुवातीला मातीतले नत्र स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. कार्बनच्या आयुष्यात तिने थेट भर पडते असे म्हणायला मात्र आधार तुटपुंजा आहे. लेपातला कार्बन स्वतः कुजणारा असतो, आणि तो कुजताना निघालेला वायू खुणेच्या कार्बनाशिवाय मोजला, तर दोष चांगल्या कोळशावर येतो.

एक प्रक्रिया साधी आणि निर्णायक आहे: विझवणे. खड्डा भरला की खालून-वरून पाणी देऊन ताबडतोब थंड करायला हवे. मातीने अर्धवट झाकून रात्रभर सोडलेल्या ढिगात हवा शिरली, तर सकाळी बराच कार्बन पांढऱ्या राखेत गेलेला असतो. महागड्या रसायनांनी जे मिळते त्याहून जास्त कार्बन वेळेवर ओतलेल्या पाण्याने वाचतो.

माती आणि पाऊस

ऑस्ट्रेलियात भूपिंदरपाल सिंग आणि सहकाऱ्यांनी निलगिरीचे लाकूड व पाने, कोंबडखत, शेण आणि कागदाचा गाळ यांचे ४०० व ५५० अंशांवरचे बायोचार चिकणमातीच्या काळ्या जमिनीत पाच वर्षे ठेवले. ही जमीन वर्गीकरणात व्हर्टिसॉल, म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनीच्या कुळातली. पाच वर्षांत ०.५ ते ८.९ टक्के कार्बन गेला, आणि सरासरी आयुष्य ९० ते १६०० वर्षे निघाले. शेणाचा कमी तापमानाचा कोळसा आणि लाकडाचा जास्त तापमानाचा कोळसा यांत एवढी दरी होती. पण हा प्रयोग २२ अंशांवर झाला. महाराष्ट्रातल्या बहुतेक जमिनींचे वार्षिक सरासरी तापमान २२ अंशांच्या वर आहे. डॉमिनिक वूल्फ आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये दिलेल्या प्रतिमानात मातीचे तापमान धरले जाते. हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर ०.४ असलेला कोळसा १५ अंशांच्या मातीत शंभर वर्षांनी सुमारे ७८ टक्के उरतो, २५ अंशांच्या मातीत सुमारे ७२ टक्के. थंड देशाचा गुणांक उचलून यवतमाळच्या शेताला लावणे म्हणूनच अप्रामाणिक ठरेल. गुणोत्तर कमी असलेल्या मालात हा फरक आणखी आकुंचित होतो, आणि आपल्यासाठी भट्टी ६००च्या वर नेण्याचे हे सर्वांत ठोस कारण आहे.

दुसऱ्या बाजूने, कोळसा मातीतल्या इतर सेंद्रिय कार्बनलाही सांभाळू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या उपोष्ण भागातल्या लाल जमिनीत सुमारे दशकभर ठेवलेल्या बायोचारने गवताच्या मुळांतून झिरपणारा कार्बन मातीच्या कणांशी बांधून ठेवल्याचे वेंग आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये नोंदवले. ही भर पहिल्या काही महिन्यांत दिसत नाही. तेव्हा उलट मातीतला जुना कार्बन थोडा अधिक जळतो.

आणि शेवटी पाऊस. कोलंबियाच्या सव्हानात ज्युली मेजर आणि सहकाऱ्यांनी आंब्याच्या छाटणीचा कोळसा जमिनीच्या वरच्या थरात मिसळला. दोन वर्षांत सूक्ष्मजीवांनी २ टक्क्यांच्या आसपास कार्बन वायुरूप केला, खाली झिरपून गेलेला त्याहूनही कमी. पण २० ते ५३ टक्के कोळशाचा हिशेब लागेना, आणि तो जोरदार पावसात पृष्ठभागावरून वाहून गेला असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. वाहून गेलेला कोळसा नष्ट होत नाही. तो ओढ्याच्या गाळात किंवा धरणाच्या तळाशी टिकून राहू शकतो, पण ज्या शेतासाठी केला ते शेत त्याला मुकले. कोकणातल्या उताराच्या वरकस जमिनीत ज्येष्ठाच्या तोंडावर कोळसा नुसता पसरणे म्हणूनच चूक. तो ओला करून, शेणखतात मळून, सरीत किंवा आळ्यात चार-सहा इंच खाली द्यावा. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हे काम काही प्रमाणात आपणहून करतात: वरचा माल भेगांतून खाली पडतो, पहिल्या पावसाने चिकणमाती फुगते आणि तो आत मिटून जातो.